हॅलोबाईचं पुरं नाव

हॅलोबाई बसलेली मी एकदाच पाहिली. ती कशी बसली तेच सांगायचंय, पण आधी ती उभी कशी असायची ते ऐकावं लागेल. नाहीतर बाई बसली यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल आणि मला राग येईल. मला राग लवकर येतो. गोंदियात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्याला येणारच. लोक तासभर कार्ड उलटून सगळे रंग बघतात आणि शेवटी क्रीम कलर घेऊन जातात.

बाईचं नाव कुसुम रामटेके. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. ट्रंककॉल जोडण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे बोलणं तिथलंच राहिलं. दुकानाच्या पायरीवर पाय पडला की "हॅलो, भाऊ." मधेच दुसरं गिऱ्हाईक बोललं तर त्याला हात दाखवून "होल्ड करा." आणि मी जरा पाल्हाळ लावलं की घड्याळाकडे बघत, "तीन मिनिटं झाली भाऊ, वाढवायचं का?" अख्खा मोहल्ला तिला हॅलोबाई म्हणायचा. तिलाही ते माहीत होतं, पण त्यावर रागावून थांबायला तिला वेळ नव्हता.

ती पहिल्यांदा आली ते नव्व्याण्णव साल असेल. ट्रंककॉल संपत आले होते, ऑफिसात खुर्च्या उबवण्यापलीकडे काम उरलं नव्हतं, आणि खुर्ची हाच या बाईचा वैरी. आली आणि सरळ काउंटरच्या काचेवर तिनं प्लास्टरचा एक भलामोठा तुकडा आदळला.

"याले काय झालं?"

"ओल लागली आहे."

"कोठून आली?"

"मला काय माहीत? मी भिंतीचा डॉक्टर आहे का?"

"मग औषध कायले विकता?" बाईनं माझ्यामागच्या डब्यांच्या रांगेकडे बोट केलं.

मी स्टूल पुढं केलं. "बसा तरी."

"बसायले नाही आली," ती म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं घाई असेल. पुढं दहा-बारा वर्षं ती माझ्या दुकानात येत होती आणि ते स्टूल तिच्यासाठी मी दर वेळी पुढं करत होतो. त्यावर बसायचे ते तिचे यजमान, शामराव.

बाईचा उद्योग असा. गावात जे घर कोणाला नको ते हिला पाहिजे. छपराचे कवेलू फुटलेलं, दोन भावांच्या भांडणात दहा वर्षं कुलूप लागलेलं, पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलेलं. ऑफिसच्या पतसंस्थेचं कर्ज उचलायचं, कमी पडलं तर बँकेत जाऊन मॅनेजरसमोर उभं राहायचं (तिथंही उभंच), घर घ्यायचं आणि दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी सामानासकट त्यातच राहायला जायचं. एका खोलीत मिस्त्रीच्या हाताखालची रेजा माल कालवतेय, दुसऱ्या खोलीत बाईचा भात शिजतोय, मधे सिमेंटच्या बोऱ्यांवर शामरावांची बुद्धाची तसबीर. बाईचं म्हणणं, मिस्त्रीच्या डोक्यावर राहिल्याशिवाय मिस्त्री सरळ रेषेत वीट लावत नाही. ते खरंही होतं. संडासाचा उतार ती स्वतः बादलीभर पाणी ओतून तपासायची. शेवटचा रंग वाळला की घरात किरायेदार, आणि ही दोघं पुढच्या पडक्या घरात. एका घराचा किराया दुसऱ्याचा हप्ता भरायचा. मी एकदा म्हटलं, "बाई, एखाद्या सजवलेल्या घरात स्वतः राहा की." तर म्हणाली, "घर म्हणजे बैल आहे भाऊ. बांधून ठेवला त खाते, जुंपला त चारते."

शामराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, मूळचे सौंदडचे. आगगाडी सुटली तरी फलाटावर घाई करणार नाही असा माणूस. प्रत्येक मुक्कामाला ते दोन गोष्टी न्यायचे, ती तसबीर आणि एक लाकडी आरामखुर्ची. आणि प्रत्येक घराच्या मागं पेरूचं एक रोप लावायचे. पेरू फळाला यायच्या आत मुक्काम हलायचा. माझ्या स्टुलावर बसून ते हसत सांगायचे, "पाणी म्या टाकलं, फळ किरायेदार खाऊन राहिला." हसायचे खरे. पण हंगामात कोणाच्या हातात पेरू दिसला की त्यांची नजर तिथंच अडकायची, ते मी बघितलंय.

बाईचा एक नियम होता. त्या नियमापायी गावातले निम्मे लोक तिला येडी म्हणायचे. किरायेदार आला की ती विचारायची, "नाव?" तो म्हणायचा सुनील, की फिरोज, की अनिता. मग तो सवयीनं पुढचं सांगायला जायचा. आमच्याकडची रीतच ती. घर किरायानं घ्यायचं म्हणजे नळ, लाइट, किराया हे सगळं मागून, आधी पुरं नाव. पूरा नाम बताइये. आडनाव कळलं की घरमालकाला बाकी काही विचारावं लागत नाही. तर तो पुढचं सांगायला तोंड उघडायचा आणि बाई हात वर करायची, "होल्ड करा. पुढचं राहू द्या. पाणी सहाला येते, मोटर मी लावते, कोणाच्या पाहुण्याले मी मोजत नाही." झालं. नागझिऱ्याच्या जंगलात गाइडचं काम करणारा एक पोरगा तर घाबरून माझ्याकडे आला होता, "काका, या बाईंनी माझं आडनावच घेतलं नाही. खोली पक्की समजू ना?"

मी शामरावांना विचारलं, हा काय प्रकार आहे? बाई मागच्या गोदामात पाइप बघत होती. शामरावांनी तिकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"लग्न नवीन होतं भाऊ. हिची बदली गोंदियाले झाली. तलावापासचं ते हिरवं घर माहीत आहे ना? त्याची गच्चीवरची खोली रिकामी होती. मालकीण भल्ली गोड बाई. खोली दाखवली, नळ दाखवला, खाली आणून बसवलं. चहा आणला. कप हातात देणार, तेवढ्यात मालक म्हणे, 'पूरा नाम क्या बताया आपने?' हिनं सांगितलं. त मालक म्हणे, 'अरे, वो कमरा तो भांजे के लिए रखा है.' आन् मालकिणीनं ट्रे उचलला, भाऊ, आन् आत घेऊन गेली. चहातून वाफ निघून राहिली होती."

रंगाचा ब्रश हातात होता, तो उगाच पुसत राहिलो.

"भाचा काही आला नाही. खोलीची पाटी वर्षभर लटकून होती. हिचा ऑफिसचा रस्ता तिथूनच. तवापासून ही कोठं बसत नाही. बसलं का उठावं लागते, म्हणते. मी बसतो दोघांचं." ते थोडं हसले. "म्हणते, एक दिवस ते घर घेईन आन् तिथंच बसीन. मीही वाट पाहून राहिलो. एक तरी पेरू आपल्या झाडाचा खायचा आहे मले."

गोदामातून आवाज आला, "अहो, तीन मिनिटं झाली!" आणि शामराव पाइप उचलायला उठले.

त्या नियमानं बाईला एकदा चांगलाच फटकाही दिला. प्रकाश नावाचा एक किरायेदार दोन महिने राहिला आणि एका दुपारी खोलीतले दोन्ही पंखे उतरवून पसार झाला. बाई चौकीत गेली. मीही गेलो, कारण पंखे माझ्याच दुकानातले. हवालदारानं विचारलं, "नाव?"

"प्रकाश."

"पुढं?"

"पुढचं नाही विचारलं."

"म्हणजे? किरायेदाराचं आडनाव माहीत नाही? बाई, गोंदियात प्रकाश किती आहेत ठाऊक आहे का? माझा साळा प्रकाश आहे!"

"मग त्याच्या घरी पाहा," बाई म्हणाली.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. मला हसू आवरेना. परतीच्या वाटेवर मी तिला झापलं, म्हटलं आता तरी विचारत जा, निदान कागदावर तरी घ्या. ती फणफणत चालत होती, चपलेचा आवाज रस्ताभर. "पंखे गेले त गेले. दुसरे द्या. आन् हुक असा द्या का छत पाडल्याशिवाय निघाला नाही पाहिजे." शामराव मागून येत होते. ते शांतपणे म्हणाले, "पंख्यायचं आडनाव त होतं. कंपनीनं छापून देल्लं होतं." त्यावर मात्र बाई रस्त्यात थांबून हसली. तेही उभ्यानंच.

पुढं ते हिरवं घर विकायला निघालं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मालकीणही गेली, आणि मुलगा रायपूरला. दलाल माझ्या दुकानात रंगाचा भाव विचारायला आला होता, त्याच्या तोंडून मी ऐकलं आणि बाई आली तेव्हा सहज बोलून गेलो. तिच्या हातात नळाची तोटी होती. ती तिनं काउंटरवर ठेवली आणि निघून गेली. ना हॅलो, ना तीन मिनिटं. मला धडकीच भरली.

मुलाला गिऱ्हाइकाची नड लगेच कळली. भाव त्यानं असा सांगितला की दलालही लाजला. बँक तेवढं देईना. मग बाईनं तयार झालेली दोन घरं विकायला काढली. नेमकी तीच, ज्यांच्या मागचे पेरू फळाला आले होते. मी ओरडलो. "अहो बाई, चारणारे बैल विकून भिंत घेता? हा सौदा तुम्हीच दुसऱ्याला करू दिला नसता!"

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्याले नसता करू देल्ला."

त्याच आठवड्यात शामराव पिशवी घेऊन आले. पिशवीत पेरू. नवीन मालकाच्या ताब्यात द्यायच्या आधी तोडून आणले होते. "घ्या भाऊ. कच्चे आहेत जरा." मी एक खाल्ला. ते म्हणाले, "मी नाही खाल्ला. तिथं गेल्यावर खाईन, आपल्या घरचा."

रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून मी गेलो. बाईनं नवी कोरी पांढरी साडी नेसली होती आणि कारकुनाच्या टेबलासमोर ती अगदी ताठ उभी होती. मुलगा खुर्चीत. कारकून वाचू लागला. "लिहून घेणार, सौ. कुसुम शामराव रामटेके." मी मुलाच्या तोंडाकडे बघत होतो. बाईही बघत होती. मुलगा मोबाइलवर काहीतरी दाबत होता.

"परत वाचा," बाई म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं आणि परत वाचलं, जरा मोठ्यानं. आता मुलानं मान वर केली. "क्या हुआ आंटी? नाम में कुछ गलती है क्या?"

"नहीं," बाई म्हणाली. "नाम सही है."

"तो साइन कहाँ करना है?" त्यानं सह्या ठोकल्या, खूश झाला, सगळ्यांसाठी चहा मागवला. कागदी कपात. बाईसमोर कप आला तसा तिथंच राहिला, साय धरेपर्यंत.

बाहेर आल्यावर ती झाडाखाली थांबली. किल्ल्यांचा जुडगा मुठीत इतका घट्ट की बोटं पांढरी. "भाऊ, याले काहीच माहीत नाही."

"कसं असेल? तेव्हा तो जन्मलाही नसेल, नाहीतर पाळण्यात असेल."

"मग मी एवढी वर्षं कोणावर रागावून राहिली होती?"

शामराव म्हणाले, "चाल, घरी जाऊ." ती म्हणाली, "कोणत्या?" आणि तिचा आवाज चिरकला. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग त्या घराची दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्ती कसली, बाईनं त्या घराशी वैरच धरलं. गेंदलाल मिस्त्री तिचा जुना माणूस. तो माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायचा. "फरशी एकदम चोख आहे शेठ. म्या इचारलं, बाई, कायले तोडता? त म्हणते, तोड." बैठकीची फरशी गेली, दारं गेली, ज्या ओट्यावर चहा झाला असेल तो स्वयंपाकाचा ओटाही गेला. हिरव्याचा पिवळा रंग झाला, पिवळ्याचा निळा, निळ्याचा पांढरा. दुकानदार म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे होता. तिसऱ्या वेळी मी डबे देताना बोललोच, "बाई, ओल भिंतीत असली तर औषध आहे माझ्याकडे. माणसात असली तर नाही." ती डबे घेऊन गेली.

घर मात्र झालं फार देखणं. शामरावांनी ओसरीत खुर्ची मांडली, बैठकीत तसबीर लावली आणि मागं पेरूचं रोप लावून त्याला काटेरी कुंपणही घातलं. आजवर त्यांनी कुठल्याच रोपाला कुंपण घातलं नव्हतं. पण बाई बसेना. शामराव सांगायचे, जेवण ओट्याशी उभ्यानं. भिंतीला हात लावत या खोलीतून त्या खोलीत. रात्री उठून नळ बंद आहे का बघते. "मले वाटलं होतं, इथं येऊन बसंल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

आणि मग एका दुपारी बाई दुकानात. "हॅलो, भाऊ. पत्र्याची पाटी पाहिजे. 'घर किरायाने देणे आहे' असं लिहून द्या."

"कुठल्या घरासाठी?"

"याच. रेल्वे लाइनच्या पलीकडं एक पाहून ठेवलं आहे. छत पडलं आहे, पण पाया मजबूत आहे. बयाणा देल्ला."

माझं टाळकंच सरकलं. "शामरावांना विचारलंत?"

"त्यायचं काय, खुर्ची उचलतील."

पाटी मी रंगवली, पण ती घेऊन संध्याकाळी मी स्वतः गेलो. दुसऱ्याच्या हातानं पाठवली असती तर मला झोप आली नसती. बाई फाटकाशी हातोडी घेऊन उभीच होती. शामराव ओसरीत खुर्चीवर. बाईनं पाटी माझ्या हातातून घेतली, खिळा तोंडात धरला आणि तशीच बोलली, "अहो, उठा. रविवारी सामान हलवायचं आहे."

"मी नाही येत," शामराव म्हणाले.

बाईनं तोंडातला खिळा काढला. "काय?"

"तू जा. गच्चीवरची खोली रिकामी आहे ना? ती मले पायजे. किरायानं."

"डोकं फिरलं का तुमचं?"

"पेन्शन येते मले. किराया टायमावर देईन. पंखे चोरत नाही, भाऊले विचार." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार? "घरमालकीण तू. विचार काय विचारायचं ते."

बाईनं हातोडी फाटकाच्या खांबावर ठेवली. मग एकदम कोरड्या आवाजात, ऑफिसातल्या, "नाव?"

"शामराव."

"ठीक आहे. पाणी सहाला..."

"पुढचं विचार."

"मी पुढचं विचारत नाही."

"माहीत आहे. आज विचार. मले सांगायचं आहे."

रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. जो प्रश्न तिनं उभ्या आयुष्यात कोणाला विचारला नव्हता तो तिच्या तोंडी येईना. शेवटी आला. "पुरं नाव काय?"

शामराव खुर्चीतून उठले. सदऱ्याची गुंडी लावली. "शामराव गोविंदा रामटेके. मुक्काम सौंदड. चालते का?"

बाईच्या हातातली पाटी फाटकाशी खणकन पडली. "चालते," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "चालते जी, चालते," आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली.

"मग बस," शामराव म्हणाले. तिचा दंड धरून त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि आत गेले. आतून स्टोव्हचा आवाज येऊ लागला.

पुढं बाईनं आणखी घरं घेतली. बयाणा बुडवणाऱ्यातली ती नव्हती. माझ्या दुकानात दुसऱ्याच दिवशी आली तीही उभीच होती. पण मुक्काम काही त्या घरातून हलला नाही, आणि तिसऱ्या वर्षी शामराव मला एक पेरू देऊन गेले, तो पिकलेला होता. असो. मी त्या संध्याकाळचं सांगत होतो.

शामराव चहा घेऊन आले. स्टीलच्या ट्रेमध्ये, कपबशीत. ट्रे त्यांनी खुर्चीपुढं धरला आणि धरूनच ठेवला. बाईनं कप उचलला. दोन्ही हातांनी. वाफ निघत होती. मी फाटकात पाटी उचलून उभा, मला कोणी चहा विचारला नाही, आणि माझं स्टूल मी दुकानात सोडून आलो होतो. काही तरी बोलावं म्हणून मी घसा खाकरला, "बाई, मग ही पाटी परत नेऊ का?"

बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता एक हात वर केला.

"होल्ड करा, भाऊ," ती म्हणाली आणि चहा फुंकू लागली.